अर्धांगवायू आणि सूचिचिकित्सा

समाज एखाद्या रोगाला जे नाव देतो, त्या नावातच त्या समाजाची रोगाविषयीची मीमांसा पुष्कळदा दडलेली असते. मेंदूच्या रक्तप्रवाहात एकाएकी खंड पडून शरीराची एक बाजू लुळी पडते, त्या आपत्तीला आपण अर्धांगवायू म्हणतो. खेड्यापाड्यांत 'अंगावरून वारे गेले' असे म्हणण्याची रीत आहे. चरक-सुश्रुतांनी या रोगाची गणना वातव्याधीत केली. आणि हिमालयापलीकडे चिनी वैद्यांनी त्याला 'जुंगफंग', म्हणजे वाऱ्याचा आघात, असे नाव दिले. दोन प्राचीन वैद्यकांना या रोगात वाराच दिसावा, याचे नवल वाटायला नको. वारा डोळ्यांना दिसत नाही, येताना वर्दी देत नाही आणि उभे झाड क्षणात आडवे करून जातो. चालताबोलता माणूस घटकाभरात अंथरुणाला खिळावा आणि त्याच्या तोंडून धड शब्दही फुटू नये, हे ज्यांनी पाहिले त्यांना वाऱ्याहून वेगळी उपमा सुचली नसती.

या वाऱ्याच्या तडाख्यातून माणसाला पुन्हा उभे करण्यासाठी चीनमध्ये शतकानुशतके एक उपचार चालत आला आहे. शरीराच्या ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचावयाच्या, असा तो उपचार. त्याला जगात ॲक्युपंक्चर म्हणतात. आपण त्याला सूचिचिकित्सा म्हणू. आज आपल्याकडच्या शहरांतूनही त्याची केंद्रे दिसतात आणि अर्धांगाचा रोगी घरी आला की कोणीतरी आप्तेष्ट 'एकदा सुया लावून पाहा' असे सुचवितोच. हा सल्ला घ्यावा काय, आणि घ्यावयाचा तर केव्हा व कोणत्या मर्यादेत, याचा विचार आज आपण करू.

प्रथम रोगाचे स्वरूप पाहू. मेंदूला रक्ताचा पुरवठा अखंड लागतो. बहुसंख्य रोग्यांत मेंदूकडे जाणाऱ्या एखाद्या धमनीत रक्ताची गुठळी अडकते. उरलेल्यांत धमनी फुटून मेंदूत रक्तस्राव होतो. कोणत्याही कारणाने असो, रक्त न मिळालेला भाग मरू लागतो. मेंदूचा डावा भाग उजव्या अंगाचे नियमन करतो आणि उजवा भाग डाव्या अंगाचे. बहुतेकांच्या बाबतीत वाचेचे केंद्र डाव्या भागात असते, म्हणून उजवे अंग लुळे पडलेल्या माणसाची वाणीही अनेकदा जाते. जेफ्री सेव्हर या अमेरिकी तज्ज्ञाने २००६ साली हिशेब मांडला, की मोठी धमनी तुंबलेल्या रोग्याच्या मेंदूतील सुमारे १९ लाख पेशी दर मिनिटाला नष्ट होत असतात. 'थोडे पडू द्या, बरे वाटेल' असे म्हणण्यात गेलेल्या अर्ध्या तासाची किंमत या आकड्यावरून ध्यानात यावी.

गुठळी विरघळविणारे औषध पहिल्या ३ तासांत दिल्यास लाभ होतो, हे १९९५ साली सिद्ध झाले. २००८ मध्ये ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन गुठळीच बाहेर काढण्याच्या शस्त्रक्रियेचा लाभ २०१५ मध्ये निर्विवाद ठरला आणि २०१८ पासून काही निवडक रोग्यांत ती २४ तासांपर्यंत करता येते. परंतु गुठळी आहे की रक्तस्राव आहे, हे बाहेरून पाहून कळत नाही आणि रक्तस्राव झालेल्याला गुठळीचे औषध दिले तर ते जिवावर बेतू शकते. त्यासाठी मेंदूचे सीटी स्कॅन आधी व्हावे लागते, आणि ते इस्पितळातच होते.

म्हणून पहिला नियम असा: तोंड एका बाजूला वाकडे झाले, एक हात वर उचलून धरता येईना किंवा बोलणे अडखळू लागले, तर १०८ क्रमांकावर फोन करून किंवा मिळेल त्या वाहनाने रोग्याला मेंदूचे स्कॅन होईल अशा इस्पितळात न्यावे. या पहिल्या तासांत सुईला स्थान नाही. अर्धांगाचा झटका येताच दहाही बोटांची टोके सुईने टोचून रक्त काढावे, म्हणजे रोगी शुद्धीवर येतो, असा एक संदेश वर्षानुवर्षे या भ्रमणध्वनीवरून त्या भ्रमणध्वनीवर फिरत असतो. त्याला कसलाही आधार नाही. बोटे टोचण्यात गेलेली मिनिटे त्या १९ लाखांच्या हिशेबात मोजावी लागतात.

प्राणसंकट टळून रोगी घरी आला, की दुसरा अध्याय सुरू होतो. तो दीर्घ असतो आणि कुटुंबाची खरी परीक्षा त्यातच होते. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. तथापि मेंदूतील सूज ओसरते, अर्धमेल्या पेशी सावरतात आणि शेजारचे व दूरचे भाग हरवलेले काम हळूहळू शिकून घेतात. ही सुधारणा पहिल्या ३ महिन्यांत सर्वांत वेगाने होते. पुढे वेग मंदावतो, पण ती थांबतेच असे नाही. मेंदूला हे नवे शिक्षण मिळते ते पुनःपुन्हा केलेल्या कृतीतून. २००६ साली अमेरिकेत २२२ रोग्यांवर झालेली एक चाचणी या दृष्टीने बोलकी आहे. ज्यांच्या लुळ्या हाताच्या मनगटात व बोटांत थोडीबहुत हालचाल शिल्लक होती, अशा रोग्यांचा चांगला हात दोन आठवडे दिवसाच्या बहुतेक काळ जाड मोज्यात बंद ठेवला आणि सगळी कामे दुबळ्या हाताकडून करवून घेतली. त्या रोग्यांच्या हाताची सुधारणा इतरांहून स्पष्टपणे अधिक झाली आणि वर्षभरानंतरही ती टिकून होती. आयत्या सुखाने निजलेला हात जागा करण्याचा मार्ग असा कष्टाचा आहे.

कष्टाच्या या मार्गावर कुटुंबाचा धीर सुटतो. व्यायाम कंटाळवाणा असतो आणि रोग्याची प्रगती कणाकणाने होते. औषधांच्या चिठ्ठीत तर 'हात उद्या हलेल' असे कोणी लिहून देत नाही. अशा वेळी एखादा उपचारक आपुलकीने हात हाती घेतो, अर्धा तास शांतपणे सुया लावतो आणि धीराचे दोन शब्द बोलतो. त्याच्याकडे मन ओढ घेते, यात अस्वाभाविक काही नाही. म्हणूनच या उपचाराची माहिती नीट करून घेतली पाहिजे.

चिनी वैद्यकाच्या मते शरीरात 'ची' नावाची प्राणशक्ती ठरावीक मार्गांनी वाहत असते. तिच्या वाहण्यात अडथळा आला की रोग होतो, आणि मार्गावरील योग्य बिंदूंवर सुई टोचल्याने प्रवाह पुन्हा सुरळीत होतो. या विद्येचा सर्वांत जुना मोठा ग्रंथ पीत सम्राटाच्या नावाने प्रसिद्ध असून तो सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे. तिसऱ्या शतकात हुआंगफू मी या विद्वानाने सूचिचिकित्सेवर स्वतंत्र ग्रंथ रचला. वातविकाराने आपले अंग पांगळे झाल्यावर तो या अभ्यासाकडे वळला, असे परंपरा सांगते. १०२७ मध्ये राजवैद्य वांग वेइयी याने बिंदूंची छिद्रे असलेला काशाचा पुतळा घडविला. पुतळ्यावर मेण फासून विद्यार्थ्यांची परीक्षा घेत. सुई नेमक्या छिद्रात गेली तर आतील द्रव बाहेर येई, अशी त्याची ख्याती आहे. प्रमाणित मानलेल्या अशा बिंदूंची संख्या आज ३६१ धरतात.

या विद्येचा इतिहास सर्वकाळ गौरवाचा मात्र नाही. १८२२ साली चिनी सम्राटाने राजवैद्यकातून तिला काढून टाकले आणि १९२९ मध्ये तेथील प्रजासत्ताक शासनाने एकंदर देशी वैद्यकच आवरते घेण्याचा घाट घातला होता. १९४९ नंतरच्या राजवटीने तिला पुन्हा प्रतिष्ठा दिली. जुलै १९७१ मध्ये जेम्स रेस्टन या अमेरिकी पत्रकाराची पेकिंगमध्ये आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली; नंतरच्या पोटातील अस्वस्थतेवर त्याला सुया लावण्यात आल्या आणि त्याच्या वृत्तान्तामुळे पाश्चात्त्य जगाचे कुतूहल जागे झाले. अर्धांगासाठी खास पद्धतीही याच सुमारास आकारास आल्या. जियाओ शुन्फा यांनी १९७१ मध्ये डोक्याच्या त्वचेवर, मेंदूतील हालचालीच्या केंद्रांवरील भागात, सुया टोचण्याची रीत मांडली. तर १९७२ मध्ये तियानजिन येथील शी श्युएमिन यांनी पक्षाघातासाठी बिंदूंचा एक स्वतंत्र क्रम रूढ केला.

भारताचा या विद्येशी संबंध जडला तो एका मराठी माणसाच्या स्मृतीशी निगडित आहे. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला साहाय्य करण्यासाठी १९३८ मध्ये आपल्याकडून पाच डॉक्टरांचे पथक गेले. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते आणि कलकत्त्याचे विजयकुमार बसू होते. शस्त्रक्रियेचे काम करता करता कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तेथेच निवर्तले. बसू परत आले; १९५० नंतरच्या दशकाअखेरीस पुन्हा चीनला गेले असता त्यांनी सूचिचिकित्सा शिकून घेतली आणि मायदेशी तिचा प्रसार केला. पुढे कोटणीसांच्या नावाने निघालेल्या संस्थांमधून ही विद्या कलकत्ता, लुधियाना अशा ठिकाणी रुजली. महाराष्ट्राने २०१५ चा अधिनियम करून या उपचारकांच्या नोंदणीचा मार्ग मोकळा केला आणि केंद्र शासनाने २०१९ मध्ये तिला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. मात्र कायद्याची मान्यता उपचारक कोण असावा एवढेच ठरविते. उपचाराने कोणता रोग किती बरा होतो, हे कायद्याने ठरत नाही. ते पडताळूनच पाहावे लागते.

हा पडताळा कसा पाहावयाचा? शासकीय कामाचा ज्याला अनुभव आहे, त्याला हा प्रश्न परका वाटणार नाही. समजा, एका अवर्षणग्रस्त तालुक्यात बंधारे बांधले आणि पुढच्याच वर्षी विहिरींना भरपूर पाणी आले. बंधाऱ्यांमुळे पाणी आले, असा अहवाल लिहावयास मन उत्सुक असते. परंतु त्या वर्षी पाऊसही चांगला झाला असेल तर? शेजारच्या, बंधारे नसलेल्या तालुक्यातील विहिरी पाहिल्याविना या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. तेथेही पाणी तितकेच चढले असेल, तर श्रेय पावसाचे. अर्धांगातही निसर्गाचा असा एक पाऊस असतोच. पहिल्या ३ महिन्यांत बहुतेक रोगी थोडेफार सुधारतात, आणि सुया लावल्या जातात त्या बहुधा याच काळात. 'सुया लावल्या आणि हात हलू लागला' हे वाक्य खोटे नसते; पण सुयांमुळे हात हलला, हे त्यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी तशाच दुसऱ्या रोग्यांचा गट शेजारी असावा लागतो, आणि कोणाला कोणत्या गटात घालावयाचे हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरावे लागते.

अशा चाचण्या झाल्या आहेत आणि त्यांची कथा उद्बोधक आहे. बार्ब्रो योहान्सन या स्वीडिश संशोधिकेने १९९३ मध्ये ७८ रोग्यांवरील चाचणी प्रसिद्ध केली. नेहमीच्या व्यायामाच्या जोडीला सुया लावलेले रोगी तोल सांभाळणे, चालणे आणि दैनंदिन व्यवहार यांत इतरांपेक्षा सरस ठरले. जगभर आशा पल्लवित झाली. पण दुसऱ्या गटातील रोग्यांना सुयांच्या जागी तेवढा वेळ, तेवढे लक्ष आणि तेवढी आशा मिळाली नव्हती, ही त्या चाचणीतील उणीव होती. बाईंनी आपल्याच निष्कर्षाची पुन्हा परीक्षा घेतली. स्वीडनमधील ७ इस्पितळांतील १५० रोग्यांची ही चाचणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. या वेळी तुलनेच्या गटालाही जाणवणार नाही इतक्या क्षीण विद्युत्प्रवाहाचा, म्हणजे नावापुरता, उपचार तेवढाच वेळ दिला होता. दोन्ही गटांत फरक आढळला नाही. आपण उभारलेली आशा आपणच तपासून जगापुढे ठेवण्याचा हा प्रामाणिकपणा वंदनीय म्हटला पाहिजे.

इतरत्रही असेच अनुभव आले. हाँगकाँगमध्ये १०६ रोग्यांच्या चाचणीत नियमित व्यायामाला सुयांची जोड दिल्याने हालचालींत अधिक लाभ झाला नाही, असे २००२ मध्ये दिसले. खुद्द चीनमध्ये ४० इस्पितळांतील ८६२ रोग्यांची मोठी चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. उपचार निर्धोक आढळला, पण एकंदरीत स्पष्ट लाभ दिसला नाही. दहा वा अधिक वेळा सुया घेतलेल्यांत काही सुधारणेचे चिन्ह होते. ते पुढील संशोधनाला दिशा देते, निर्णय देत नाही. कारण ज्यांना बरे वाटते तेच उपचाराला अधिक वेळा जातात, हेही शक्य असते. कॉक्रन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१६ मध्ये ३१ चाचण्या आणि २,२५७ रोगी यांचा एकत्र आढावा घेतला. बऱ्याच चाचण्यांतून लाभ दिसत होता. परंतु त्यांतील बहुतेकांची रचना इतकी सैल होती, की त्यांवर भरवसा ठेवता येईना. पुरावा अपुरा, असाच अभिप्राय परीक्षकांना द्यावा लागला.

'पण सुई टोचली की मेंदूत बदल दिसतो म्हणतात,' अशी शंका काही सुजाण श्रोते घेतील. ते खरे आहे. सुईने त्वचा व स्नायूंतील मज्जातंतू उत्तेजित होतात, त्यांचा संदेश मेंदूपर्यंत जातो आणि मेंदूच्या प्रतिमांत त्याचे पडसाद उमटतात. परंतु मेंदूत पडसाद उमटणे आणि त्या हाताने पाण्याचे भांडे उचलून तोंडाला लावता येणे, यांत मोठे अंतर आहे. कुटुंबाला हवे असते ते भांडे उचलणे, आणि चाचणी त्याचीच घेतली पाहिजे.

ही चाळणी केवळ सुयांसाठी लावली जाते, असेही कोणी समजू नये. झटक्यानंतर २४ तासांच्या आतच रोग्याला वारंवार उठवून चालविल्यास तो लवकर सुधारेल, असे अनेक डॉक्टरांना वाटे. २,१०४ रोग्यांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, २०१५ साली, त्याचा परिणाम उलट दिसला. घरच्या माणसांना शिकवून त्यांच्याकडून व्यायाम करवून घेण्याची योजना आपल्या देशाला किती सोयीची! तीही भारतातील १४ इस्पितळांत १,२५० रोग्यांवर तपासली. नेहमीच्या उपचारांहून अधिक लाभ तिच्यातही आढळला नाही, असे २०१७ मध्ये स्पष्ट झाले. आधुनिक वैद्यक आपल्या आवडत्या कल्पनांनाही याच तराजूत घालते, म्हणूनच इतरांना तराजूत बसण्यास सांगण्याचा त्याला अधिकार पोचतो.

तर मग सुयांना काहीच स्थान नाही काय? माझ्या मते आहे, पण ते पूरक स्थान आहे. अमेरिकेतील तज्ज्ञांच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेने हाताची हालचाल व दैनंदिन व्यवहार सुधारण्यासाठी सूचिचिकित्सेची शिफारस केली नाही. मात्र गिळण्यातील अडचणीसाठी जोड उपचार म्हणून तिचा विचार करता येईल, असे म्हटले. शिवाय तिच्या निमित्ताने रोगी घराबाहेर पडतो, त्याच्या निर्जीव वाटणाऱ्या हाताची कोणी दखल घेते आणि त्याच्या मनावरील मळभ काहीसे दूर होते; या गोष्टी क्षुल्लक नाहीत. अर्धांगाच्या रोग्याला औदासीन्य फार लवकर ग्रासते आणि उदास माणूस व्यायाम करीत नाही.

ज्या कुटुंबाला हा उपचार करून पाहावयाचा असेल, त्याने काही पथ्ये अवश्य पाळावी. व्यायामाची वेळ सुयांना देऊ नये. दोन्हींतून एकच साधत असेल तर व्यायाम निवडावा. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या व रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नयेत. दुसरा झटका टाळण्याचा सर्वांत मोठा आधार त्याच असतात. रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असल्याचे उपचारकाला आधीच सांगावे. सुया निर्जंतुक असाव्या आणि एकदा वापरून टाकून देण्याच्या असाव्या. छातीवर खोल गेलेली सुई फुप्फुसाला इजा करू शकते, आणि बधिर अंगाला झालेली जखम रोग्याला कळत नाही. तेव्हा उपचारक शिक्षित व नोंदणीकृत आहे याची खात्री करून घ्यावी. जो उपचारक इतर सर्व औषधे सोडावयास सांगतो किंवा पूर्ण बरे करण्याची हमी देतो, त्याच्या दारातून परत फिरावे.

आणखी एक सूचना कराविशी वाटते. उपचाराचा प्रारंभ करण्यापूर्वी एका वहीत नोंद करावी: रोगी आधाराविना किती पावले चालतो, सदऱ्याची गुंडी स्वतः लावतो काय, घास तोंडापर्यंत नेतो काय. खर्चाची व मुदतीची मर्यादाही तेथेच लिहून ठेवावी. महिन्या-दीड महिन्याने ती वही उघडून पाहावी. एका घरच्या नोंदीने शास्त्र सिद्ध होत नाही, हे खरे; परंतु आशेच्या भरात दागिने मोडण्यापासून आणि निराशेच्या भरात व्यायाम सोडण्यापासून ती वही घराला वाचवू शकेल.

प्राचीनांनी या रोगाला वाऱ्याचे नाव दिले, कारण त्याच्यापुढे माणूस हतबल होता. आज तशी स्थिती उरलेली नाही. पहिले काही तास इस्पितळाच्या वाटेवर लावणे आणि पुढचे काही महिने कंटाळवाण्या व्यायामाला देणे, या दोन गोष्टी बऱ्याच अंशी आपल्या हाती आहेत. या दोहोंना धक्का न लावता कोणी सुयांचा आधार घेतला, तर त्याला हरकत घेण्याचे कारण नाही. रोग्याजवळ पैसा थोडाफार असेल, आप्तही असतील. पण त्या पहिल्या तीन महिन्यांचा काळ त्याला एकदाच मिळतो, आणि कोणताही उपचार निवडताना त्या काळाचा हिशेब आधी मांडला पाहिजे.